शोधनिबंधांचं जाळं काढण्याआधी नावं तपासा

पानवेल | ४ जुलै, रात्री ९.२०

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. गेली चार-पाच वर्षं पीएचडीची मुलं माझ्याकडे एकच काम घेऊन येतात. "मॅडम, स्कोपसमधून माझ्या विषयाचे दोनेक हजार निबंध उतरवून द्या, व्हॉसव्ह्यूअरमध्ये टाकायचेत." स्कोपस म्हणजे शोधनिबंधांची मोठी सूची आणि व्हॉसव्ह्यूअर म्हणजे त्यांचं जाळं काढून देणारं सॉफ्टवेअर. अर्ध्या तासात पडद्यावर रंगीत ठिपक्यांचं देखणं चित्र उमटतं. ठिपका मोठा म्हणजे संशोधक मोठा, ठिपके जवळ म्हणजे माणसं एका गटातली. ते चित्र प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात जातं आणि काम संपतं. शोधनिबंधांमधली नाती जाळ्यासारखी मांडून पाहण्याच्या या अभ्यासपद्धतीबद्दल मला फार आस्था आहे, म्हणूनच हे पाहून जीव तुटतो.

या पद्धतीची मुळं ग्रंथालयातच आहेत. डेरेक डी सोला प्राइस १९४० च्या दशकाच्या अखेरीस सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होते. तिथली ग्रंथालयाची इमारत पुरी व्हायची होती, म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'चे १६६५ पासूनचे खंड त्यांनी घरी आणून ठेवले. दहा-दहा वर्षांचे गठ्ठे भिंतीशी रचले तेव्हा त्यांची उंची ठरावीक काळाने दुपटीने वाढत गेलेली दिसली. ज्ञानाची वाढ मोजता येते हे त्यांना गठ्ठ्यांकडे बघून सुचलं. पुढे युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली. अमेरिकन वकील जुना निकाल पुढे कोणत्या खटल्यात वापरला गेला हे एका सूचीत शोधत, तीच सोय त्यांनी विज्ञानासाठी केली. १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आला आणि त्याच्या जोरावर प्राइस यांनी १९६५ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात शोधनिबंधांच्या जाळ्यावरचा निबंध लिहिला. कोणत्याही एका वर्षात जगातल्या सुमारे ३५ टक्के निबंधांना एकही संदर्भ मिळत नाही (म्हणजे दुसऱ्या कोणत्याच निबंधात त्यांचा उल्लेख येत नाही) आणि आणखी ४९ टक्क्यांना फक्त एक मिळतो, हे त्यात आहे. आजही मुलांना हे सांगितलं की वर्गात शांतता पसरते.

जाळं म्हणजे गाठी आणि दुवे. गाठ कशाला म्हणायचं आणि दुवा कशाला, हे आपण ठरवतो आणि निम्मा अभ्यास तिथेच होऊन जातो. दोघांनी मिळून निबंध लिहिला तर सहलेखनाचा दुवा. एकाने दुसऱ्याचा आधार घेतला तर संदर्भाचा दुवा, आणि त्याला दिशा असते. याशिवाय दोन नाती मला फार आवडतात. १९६३ मध्ये केसलर यांनी सुचवलं की ज्या दोन निबंधांच्या संदर्भयादीत तीच तीच नावं येतात, ते निबंध एकमेकांचे नातलग समजावेत. १९७३ मध्ये हेन्री स्मॉल यांनी, आणि त्याच वर्षी सोव्हिएत संघात इरिना मार्शाकोवा यांनी स्वतंत्रपणे, उलट बाजूने पाहिलं. दोन जुन्या निबंधांना नंतरचे लोक वारंवार एकत्र बोलावत असतील तर ते दोघे जवळचे. पहिलं नातं निबंध छापला त्या दिवशी कायमचं ठरतं. दुसरं नातं पुढच्या पिढ्या ठरवत राहतात, त्यामुळे ते वर्षागणिक बदलतं. तुमचा प्रश्न काय आहे त्यावरून यातलं एक निवडायचं असतं. चित्र कोणतं छान दिसतंय यावरून निवडलं तर उत्तर चुकतं.

मोठ्या प्रमाणावर सहलेखनाचं जाळं काढलं मार्क न्यूमन यांनी, २००१ मध्ये. १९९५ ते १९९९ या पाच वर्षांतला डेटा, त्यातल्या एकट्या मेडलाइन या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत १५ लाखांवर लेखक. त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त लेखक एकाच सलग जाळ्यात आले आणि कुठल्याही दोन लेखकांमधलं सरासरी अंतर निघालं ४.६ पायऱ्या. मुंबईतला एखादा डॉक्टर आणि ओस्लोतला एखादा, मधे चारेक माणसं.

आता मुख्य मुद्दा. न्यूमन यांनी सगळी मोजणी दोनदा केली होती, एकदा पूर्ण आद्याक्षरं धरून आणि एकदा फक्त पहिलं आद्याक्षर धरून, कारण नावांचा घोळ किती आहे हे त्यांना कळायला हवं होतं. आपल्याकडे हा घोळ किती खोल जातो ते एका घरातून दाखवते.

गोव्यातले बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी. त्यांचे चिरंजीव, गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठीत वडील ध. दा. आणि मुलगा दा. ध. काही गोंधळ नाही. रोमन लिपीत मात्र दोघेही डी. डी. कोसंबी. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजच्या ४१ व्या खंडात, १९५० मध्ये, हेन्री क्लार्क वॉरन यांनी संपादलेला आणि वडिलांनी सुधारलेला 'विसुद्धिमग्ग' आहे. लगेच पुढच्या ४२ व्या खंडात, १९५७ मध्ये, मुलाने वि. वि. गोखल्यांबरोबर संपादलेला 'सुभाषितरत्नकोश'. यंत्राला हे एकाच माणसाचे दोन ग्रंथ वाटले तर त्याचा काय दोष? आणि याच मुलाने १९६० च्या दशकात काही गणिती निबंध एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापले. म्हणजे इकडे दोन माणसांची एक गाठ, तिकडे एका माणसाच्या दोन गाठी, आणि दोन्ही प्रकार एकाच घरात.

ज्यांनी असं काम केलंय किंवा करायचंय त्यांनी अनुभव लिहा. तुमच्या विषयात नावांचं काय करता?

रानवारा | ४ जुलै, रात्री १०.०५

ताई, मी तुम्ही वर्णन केलेल्यांपैकीच एक आहे. वनस्पतिशास्त्रात पीएचडी, तिसरं वर्ष. ज्वारीच्या दुष्काळसहनशीलतेवरचे निबंध घेऊन सहलेखनाचं जाळं केलंय. सॉफ्टवेअरने मध्यवर्तीपणाचे चार-पाच आकडे दिलेत आणि प्रत्येकात पहिलं नाव वेगळं येतंय. मार्गदर्शक म्हणतात ज्यात आपल्या संस्थेचं नाव वर येतं तो घे. मला ते पटत नाही, पण कोणता घ्यायचा तेही कळत नाही.

अवांतर: आमच्या क्षेत्रात सगळे 'कोसंबी फंक्शन' वापरतात. ते कोसंबी हेच का?

पानवेल | ४ जुलै, रात्री १०.४०

रानवारा, हो, तेच दा. ध. कोसंबी. १९४४ मध्ये 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आलेला निबंध, तेव्हा ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं सूत्र. एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी लगेच दुसरी होण्याची शक्यता घटते, ही गोष्ट त्या सूत्रात धरलेली आहे. तुमच्या ज्वारीच्या जनुक-नकाशांत तेच चालतं.

मध्यवर्तीपणाबद्दल. सगळ्यात सोपा आकडा म्हणजे थेट दुवे किती. तालुक्याचं गाव असतं तसं, चारी बाजूंनी रस्ते येतात, बाजार भरतो. दुसरा आकडा आहे मधे असण्याचा, लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडलेला. जाळ्यातल्या प्रत्येक जोडीमधला सर्वांत जवळचा रस्ता काढायचा आणि किती रस्ते तुमच्यावरून जातात ते मोजायचं. आमच्याकडे एखादा फाटा असतो. वस्ती अशी काही नसते, दोन टपऱ्या आणि एक पिकअप शेड. पण तीन तालुक्यांच्या एसट्या तिथूनच वळतात. फाट्यावर झाड आडवं पडलं की तिन्हीकडची वाहतूक ठप्प. संशोधनातही असे फाट्यावरचे लोक असतात, निबंध मोजकेच, पण जनुकशास्त्रवाले आणि शेतीविद्यावाले एकमेकांना त्यांच्यामुळेच ओळखतात. निबंधांची संख्या मोजली तर ही माणसं कधीच वर येत नाहीत.

तिसरा आकडा विचारतो की तुम्ही कोणाशी जोडलेले आहात, मोठ्यांशी की एकट्यादुकट्यांशी. गूगलची वेबपानांना क्रम लावायची पेजरँक ही रीत याच जातीची, आणि संदर्भांना असं वजन द्यायची कल्पना पिन्स्की आणि नारिन यांनी १९७६ मध्येच नियतकालिकांसाठी वापरली होती.

म्हणून आधी प्रश्न लिहा. "या विषयात दोन गटांना कोण जोडतं?" असा असेल तर फाटा शोधा. संस्थेचं नाव वर यावं म्हणून आकडा निवडणं म्हणजे निकाल आधी लिहून मग परीक्षा घेणं. मार्गदर्शकांना नम्रपणे सांगा, पण सांगा.

अटलांटिकपार | ५ जुलै, पहाटे ३.१५

छान धागा. मी मूळचा डोंबिवलीचा, सध्या परदेशात कणभौतिकीत काम करतो. आमच्याकडची अडचण वेगळीच.

२०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरचा, सर्न प्रयोगशाळेतल्या ॲटलस आणि सीएमएस या दोन्ही संशोधक गटांचा एकत्र निबंध आला. ३३ पानं, त्यातली २४ पानं फक्त लेखक आणि संस्थांची यादी. लेखक ५,१५४. आता सहलेखनाचा नियम लावा, प्रत्येकाचा प्रत्येकाशी दुवा. ५,१५४ गुणिले ५,१५३ भागिले २, म्हणजे १ कोटी ३२ लाखांहून जास्त दुवे, एका निबंधातून! यातल्या बहुसंख्य जोड्या एकमेकांना आयुष्यात भेटलेल्या नसतात. मी स्वतः अशा याद्यांमध्ये आहे आणि माझ्या वरच्या-खालच्या नावांपैकी कोणाशी बोललेलो नाही, आम्हाला वर्णक्रमाने शेजारी बसवलंय इतकंच.

न्यूमन यांच्याच निबंधात कणभौतिकीच्या डेटात एका लेखकाचे सरासरी १७३ सहलेखक निघाले होते, मेडलाइनमध्ये १८. ते १९९० च्या दशकात. नंतर त्यांनीच एक उपाय वापरला. निबंधाचे जितके लेखक असतील त्या संख्येतून एक वजा करायचा आणि प्रत्येक दुव्याच्या वजनाला त्या उत्तराने भागायचं. दोघांच्या निबंधाचा दुवा पूर्ण एक, पाच हजारांच्या निबंधाचा जवळपास शून्य. व्हॉसव्ह्यूअरमध्येही अंशात्मक मोजणीची निवड आहे, आणि लेखकसंख्या फार असलेले निबंध वगळायचीही. रानवारा, तुमच्या विषयात जनुकसंचाचे मोठे प्रकल्प असतील तर हे आधी बघा. अशा एका निबंधाने सगळं चित्र आपल्याकडे ओढून घेतलेलं असू शकतं.

मुळामुठा | ५ जुलै, सकाळी ८.५०

पानवेल, तुमचं लेखन वाचून बरं वाटलं. मी समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालो. दोन गोष्टींवर थोडा विरोध नोंदवतो.

संदर्भ म्हणजे दुवा, हे मान्य. पण दुवा म्हणजे नेमकं काय? मी एखाद्याचं नाव घेतो ते त्याचं ऋण मानायला, खोडून काढायला, शिष्टाचार म्हणून, परीक्षकाला खूश करायला, किंवा सगळे घेतात म्हणून. जाळ्यात या सगळ्यांची रेघ एकसारखी. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये मॅथ्यू परिणाम मांडला, ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी दिलं जातं. एकच शोध नामवंताने आणि अनोळखी माणसाने लावला तर नाव नामवंताचं होतं. या मांडणीत हॅरिएट झुकरमन यांच्या नोबेलविजेत्यांच्या मुलाखतींचा मोठा आधार होता, आणि झुकरमन सहलेखक असायला हव्या होत्या असं मर्टन यांनीच नंतर लिहिलं. श्रेय कसं निसटतं हे सांगणाऱ्या निबंधातच एका बाईंचं श्रेय निसटलं. जाळ्यात मात्र १९६८ चा तो निबंध आजही एकट्या मर्टन यांचाच आहे.

दुसरी गोष्ट मर्टन यांचीच. एखादं काम इतकं रुळतं की त्याचा संदर्भ द्यायचीच गरज उरत नाही. तुमच्याच कोसंबींचं उदाहरण घ्या. रानवारा म्हणतात तसं सगळे 'कोसंबी फंक्शन' लिहितात, पण यादीत १९४४ चा निबंध किती जण देतात? पुष्कळदा संदर्भ त्या सॉफ्टवेअरचा असतो, ज्यात ते सूत्र एक पर्याय म्हणून बसवलेलं आहे. आणि जिथे नावही टिकलं नाही ते आणखी वाईट. १९४३ मध्ये त्यांनी 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त जी मांडणी केली, ती जगभर कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने चालते, त्या दोघांचं काम नंतरचं असूनही. अलीकडे काही लोक तीन नावं एकत्र लिहू लागलेत. इतकी वर्षं तो दुवा जाळ्यात नव्हता, म्हणून प्रभाव नव्हता असं म्हणायचं का?

पानवेल | ५ जुलै, दुपारी १.३०

सर, हा विरोध नाहीच, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही जास्त नेमकं सांगितलंत. झुकरमन यांचं उदाहरण माझ्या डोक्यात नव्हतं, यापुढे वर्गात सांगेन.

कोसंबींचंच जाळं मी हाताने काढून पाहिलंय, मोठ्या तक्त्याच्या कागदावर. सहलेखनात ते जवळजवळ एकटे दिसतात. राघवाचारी यांच्याबरोबर भारतातल्या जन्मदराच्या ऋतुमानावरचा १९५१ चा निबंध, यू. व्ही. आर. राव यांच्याबरोबर पत्ते पिसण्यावरचा १९५८ चा, गोखल्यांबरोबर सुभाषितं, अशा थोड्या रेघा. पण संदर्भांचं जाळं काढलं की वनस्पतींची जनुकविद्या, संख्याशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत पाठसंपादन, प्राचीन भारताचा इतिहास, अशी पाच वेगळी बेटं आणि मधे हा एक माणूस. बेटांवरच्या बहुतेकांना एकमेकांची खबर नाही. ज्वारीवाल्या रानवाराला विचारावं लागलं की हे कोसंबी तेच का, यातच सगळं आलं. एकाच माणसाची दोन जाळी, एकात तो कडेला आणि दुसऱ्यात फाट्यावर. म्हणून म्हणते, दुवा कशाला म्हणायचं हे ठरवताना घाई नको.

कातळसडा | ५ जुलै, रात्री ११.१०

कडवट लिहितोय, पण खरं आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. दोन वर्षांपूर्वी एका नियतकालिकाकडे निबंध पाठवला. परीक्षण बरं आलं, शेवटी संपादकांची ओळ होती की आमच्याच नियतकालिकातले गेल्या दोन वर्षांतले पाच निबंध संदर्भयादीत घाला. त्यातल्या चारांचा माझ्या विषयाशी संबंध नव्हता. बढतीची फाईल अडलेली होती. मी घातले. आजही ती यादी उघडली की वाईट वाटतं. ते चार दुवे कोणाच्या तरी चित्रात 'ज्ञानाचा प्रवाह' म्हणून दिसत असतील.

असल्या दुव्यांना पकडायला ही पद्धत वापरता येते का?

अटलांटिकपार | ६ जुलै, पहाटे २.४०

येते, आणि चांगली पकडता येते. "गेल्या दोन वर्षांतले" हे शब्दच खूण आहेत. नियतकालिकाचं वजन दाखवणारा इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा काढताना आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेले संदर्भच धरतात. त्यामुळे बनावट दुव्यांचे बाण त्या दोन वर्षांवरच येऊन पडतात. नैसर्गिक संदर्भ जुन्या-नव्यावर पसरलेले असतात. नियतकालिकं या गाठी धरायच्या, दिशा असलेले दुवे काढायचे आणि दोन वर्षांच्या खिडकीत कोणाकडून कोणाकडे अचानक लोंढा गेलाय ते पाहायचं. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ सहज दिसतात, म्हणून हुशार लोक दोघं-तिघं मिळून आपापसांत देवाणघेवाण करतात. फिल डेव्हिस यांनी २०१२ मध्ये वैद्यकातल्या काही नियतकालिकांमधली अशी साखळी उघड केली होती. अशी नियतकालिकं इम्पॅक्ट फॅक्टरच्या वार्षिक यादीतून वगळली जातात.

मन खाऊ देऊ नका. तुमच्यावर दबाव होता, आणि तुम्ही इथे सांगितलंत.

मुळामुठा | ६ जुलै, सकाळी ७.४५

कातळसडा, दबाव कुठून येतो तेही लिहायला हवं. बढतीसाठी निबंध मोजायचे असं ठरलं की निबंध छापून देणारी दुकानं उघडणारच. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढली. २०१९ मध्ये त्याच आयोगाची निवडक नियतकालिकांची केअर यादी आली, तिच्या छाननीत पुण्याच्या विद्यापीठाचा मोठा वाटा होता. तीही २०२५ मध्ये बंद झाली. याद्या येतात-जातात, मोजायची हौस तशीच आहे. हेच जाळ्याचं शास्त्र माणसांना क्रमांक लावायला वापरलं की बिघडतं. विचार कसा फिरला हे समजून घ्यायला वापरलं तर त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांचा दूरच्या ओळखींच्या ताकदीवरचा निबंध १९६९ मध्ये एका मोठ्या नियतकालिकाने नाकारला होता, तो १९७३ मध्ये दुसरीकडे छापून आला. आज समाजशास्त्रातल्या सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या निबंधांत त्याची गणना होते. १९७४ साली मोजणी करून माणूस पारखला असता तर?

कृष्णाकाठ | ६ जुलै, सकाळी १०.३०

मराठीतून लिहिणाऱ्यांचं काय, हा प्रश्न कोणी काढला नाही म्हणून लिहिते. माझा विषय मराठी वैचारिक साहित्य. वाईहून निघणारं 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'भाषा आणि जीवन', यांत गेल्या कितीतरी वर्षांत जे वाद झडले, एकाच्या लेखाला दुसऱ्याने उत्तर दिलं, तिसऱ्याने वर्षभराने तो धागा पुन्हा उचलला, ते सगळं विद्वत्तेचं जाळंच आहे. स्कोपसमध्ये त्याची एक रेघ सापडत नाही. मराठी अर्थशास्त्रावर किंवा जातिव्यवस्थेवर 'जागतिक जाळं' काढलं तर ही माणसं दिसणारच नाहीत, आणि वाचणाऱ्याला वाटेल की मराठीत कोणी विचार केलाच नाही.

आणि समजा मिळवले सगळे अंक, तरी आमच्या तळटीपा यंत्राला कळायच्या कशा? 'तत्रैव', 'उनि', 'पूर्वोक्त', म्हणजे आधी सांगितलेल्या ग्रंथाकडे नुसतं बोट दाखवणारे शब्द. शिवाय अंगातच मुरलेले उल्लेख, "तर्कतीर्थांनी अन्यत्र म्हटल्याप्रमाणे". कुठे म्हटलं, कधी म्हटलं, वाचकाला ठाऊक असणार असं गृहीत धरून लिहिलेलं. आडनावही नाही, नुसती उपाधी.

अटलांटिकपार | ६ जुलै, रात्री ११.५५

यावर थोडी आशा आहे. मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक सूची २०२१ च्या अखेरीस बंद झाली, तिच्या जागी जानेवारी २०२२ मध्ये ओपनअ‍ॅलेक्स सुरू झालं. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयावरून नाव, आणि डेटा सगळ्यांना मोकळा. स्कोपससारखी निवडक नियतकालिकांची चाळणी तिथे नाही, त्यामुळे इंग्रजीबाहेरचंही बरंच येतं. संशोधकाने ऑर्किड, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा वेगळा ओळखक्रमांक, घेतला असेल तर नावांचा घोळही कमी होतो. मराठी नियतकालिकांनी प्रत्येक लेखाला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक घेतला तर ती आपोआप आत येतील.

पानवेल | ७ जुलै, रात्री ९.१५

ओपनअ‍ॅलेक्स मी वापरते, मुलांनाही शिकवते. पण ऑर्किड आलं २०१२ मध्ये. त्याआधी लिहून गेलेल्यांचा क्रमांक कोण घेणार? आणि तिथली नावं यंत्रच एकत्र करतं. 'एस. पाटील' हे नाव टाकून बघा, निरनिराळ्या विषयांतले पाटील एकाच माणसाच्या खात्यावर बसलेले सापडतील. पाटील, जाधव, कुलकर्णी, शिंदे या आडनावांच्या मागे एकच आद्याक्षर लावून माणूस ओळखता येत नाही.

बायकांचं तर आणखी अवघड. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदलतं, मधलं आद्याक्षर बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. म्हणजे तिन्ही अक्षरं नवी. लग्नाआधी छापलेले निबंध एका गाठीवर, नंतरचे दुसऱ्या गाठीवर, आणि मधे मुलं लहान असताना पाच-सहा वर्षांची रिकामी जागा. जाळ्यात दिसतं की एक होतकरू संशोधिका लिहायची थांबली आणि काही वर्षांनी दुसरीच कोणी नवखी आली. हे यंत्राला कळणार नाही. शेजारच्या गावातल्या ग्रंथपालाला कळतं.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नावर मला एकच वाट दिसते, हाताने नोंदणी. एक नियतकालिक, दहा वर्षांचे अंक. चार रकाने: कोणी, कोणाचा, कोणत्या पानावर, आणि कशासाठी. त्या 'कशासाठी'त मुळामुठा सरांचा आक्षेपही येतो: आधार, खंडन, नुसता उल्लेख. 'तर्कतीर्थ' दिसलं की माणसाने वाचून लक्ष्मणशास्त्री जोशी लिहायचं. शिवाय पुस्तक असेल तर ऋणनिर्देशही नोंदवावेत. ब्लेझ क्रोनिन यांनी १९९० च्या दशकात ऋणनिर्देशांचा असा पद्धतशीर अभ्यास केलाय. आपल्याकडे तर 'हस्तलिखित वाचून सूचना केल्या', 'अमुक पोथी उपलब्ध करून दिली' यातच खरं देणंघेणं असतं. आमच्याकडे 'नवभारत'चे जुने बांधीव खंड आहेत. कोणी सोबत येत असेल तर मी सुरुवात करते.

कृष्णाकाठ | ७ जुलै, रात्री ९.४०

मी येते. शनिवारी चालेल?

कातळसडा | ७ जुलै, रात्री १०.२०

मला मराठी वैचारिक साहित्यातलं फार कळत नाही, पण तुमचे रकाने भरून झाले की त्यातून जाळं काढायचा भाग माझ्याकडे द्या. पायथॉनमध्ये करून देईन. या वेळी खरे दुवे काढायचे आहेत.

रानवारा | १९ जुलै, रात्री १२.०५

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. ताईंचं ऐकून दोन आठवडे जाळं बाजूला ठेवलं आणि नुसती नावं तपासली. निबंध उघडायचा, संस्था बघायची, ईमेल बघायचा, वहीत लिहायचं. माझ्या चित्रातला सगळ्यात मोठा ठिपका तीन वेगळ्या माणसांचा निघाला. तिघंही पाटील. सुटे केल्यावर तिघंही साधारण आकाराचे झाले.

आणि दोन छोट्या गाठी एका बाईंच्या निघाल्या, अगदी ताईंनी लिहिलंय तशाच. आधीच्या निबंधांत माहेरचं आडनाव, नंतरच्या निबंधांत सासरचं. संशय आला तो दोन्हींत मुळांची लांबी मोजायची तीच जरा वेगळी रीत वापरलेली दिसली म्हणून. गाठी जोडल्या तर मधे असण्याच्या आकड्यात त्या दुसऱ्या क्रमांकावर आल्या. आमच्या विषयातला फाटा त्याच आहेत. जनुकवाले आणि शेतीवाले त्यांच्यामुळेच जोडलेत.

त्या निवृत्त आहेत. त्यांच्या जुन्या विभागातून नंबर घेऊन फोन केला. आधी त्यांना वाटलं मी प्रमाणपत्रासाठी सही मागतोय. मग अर्धा तास बोलल्या. म्हणाल्या, मधल्या वर्षांतही लिहीत होते, पण मराठीत, शेतकऱ्यांसाठीच्या मासिकांत. आज सकाळी त्यांनी अशा सात लेखांची हाताने लिहिलेली यादी फोटो काढून पाठवलीय. काहींना पान क्रमांक नाहीत, एकाला फक्त 'दिवाळी अंक' इतकंच लिहिलंय. ही नोंद कशी करू?

पानवेल | १९ जुलै, सकाळी ६.५०

आधी त्यांचं पूर्ण नाव दोन्ही आडनावांसह, एका ओळीत. मग वर्ष, मग मासिकाचं नाव, मग अंक. पान नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाज लिहू नका. दिवाळी अंकाचं वर्ष त्यांना फोन करून विचारा, आणि अंक त्यांच्याकडे असेल तर मुखपृष्ठाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो मागा. यादीचा तो कागदही जपून ठेवा, शनिवारी येताना घेऊन या.